सल्ला हवा: हायड्रोजनच्या मोजमापासाठी काउंटर आणि रेफरन्स इलेक्ट्रोड कोणता घ्यावा?

बर्डीचा_बुडबुडा (नागपूर)
0.5 मोलर सल्फ्युरिक ॲसिडमधून विजेने हायड्रोजन काढायला मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) कसा चालतो ते तपासतोय. वर्किंग (ज्यावर कॅटॅलिस्ट लावून हायड्रोजन काढतो तो इलेक्ट्रोड) 5 मिमी ग्लासी कार्बन, रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो) सिल्व्हर क्लोराइड, काउंटर (करंटचं वर्तुळ पूर्ण करणारा) प्लॅटिनमची तार. 10 मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी.ला ओव्हरपोटेन्शियल (लागणारा जादा व्होल्टेज; कमी तितका कॅटॅलिस्ट चांगला) आधी 230 मिलिव्होल्ट होतं, व्होल्टेज 2000 वेळा खाली-वर फिरवल्यावर (2000 सायकल) 90. टाफेल स्लोप (करंट दहापट करायला लागणारे जादा मिलिव्होल्ट) 85 वरून 36 वर आला. नवीन इलेक्ट्रोड घ्यायचेत, बजेट बेताचं आहे.

टाफेल_रेषा
भाऊ, कॅटॅलिस्ट सुधारला नाही, त्याच्यावर प्लॅटिनम चढलंय. वर्किंगवर हायड्रोजन निघतो तेव्हा काउंटर ॲनोड असतो. तिथे प्लॅटिनमचं ऑक्सिडेशन होतं, थोडं विरघळतं आणि तेच आयन येऊन तुमच्या कॅथोडवर बसतात. रेफरन्समधून झिरपणारं क्लोराइड या विरघळण्याला आणखी हातभार लावतं. प्लॅटिनमचा स्वतःचा स्लोप 30 च्या आसपास असतो, म्हणून स्लोप तिकडे घसरला की पहिला संशय प्लॅटिनमवरच घ्यायचा. खात्री हवी तर वापरलेल्या इलेक्ट्रोडचं एक्सपीएस (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते क्ष-किरणांनी दाखवणारी तपासणी) करा, 71 ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) च्या आसपास प्लॅटिनमचं शिखर दिसेल.

काउंटर म्हणून ग्राफाइटची कांडी घ्या, स्वस्तात काम होतं. रेफरन्स मर्क्युरी सल्फेटचा, म्हणजे क्लोराइडचा प्रश्नच मिटला.

आम्लपित्त
ग्राफाइटला अनुमोदन, पण कांडी थेट सेलमध्ये बुडवू नका. तीही ऑक्सिडाइझ होऊन झडते, द्रावणात काळी भुकटी तरंगते. सच्छिद्र काच लावलेल्या वेगळ्या नळीत ठेवा.

मर्क्युरी सल्फेट सॅच्युरेटेड पोटॅशियम सल्फेटमध्ये स्टँडर्ड हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे 0.64 व्होल्ट असतो, पण पुस्तकातला आकडा वजा करून मोकळं होऊ नका. द्रावणात अर्धा तास हायड्रोजन सोडा, स्वच्छ प्लॅटिनमची तार वर्किंगला जोडा, 1 मिलिव्होल्ट प्रति सेकंदाने स्कॅन करा. करंट जिथे शून्य ओलांडतो तो तुमचा शून्य. मग ती तार आठवणीने बाहेर काढा, नाहीतर पुन्हा तीच गंमत! हायड्रोजन सिलिंडरचाच हवा, हे सगळं फ्यूम हूडमध्ये. कॉलेजातल्या किप उपकरणाचा (झिंकवर ॲसिड टाकून काढलेला) वायू चालणार नाही, झिंकमधल्या आर्सेनिक-सल्फरमुळे प्लॅटिनम विषबाधित होतं.

बर्डीचा_बुडबुडा
आधीचा डेटा वाचेल का?

टाफेल_रेषा
2000 सायकलचा सोडून द्या. पहिल्या स्कॅनचाही ग्राफाइट लावून पुन्हा घ्या, दोन्ही जुळले तरच ठेवा. आयआर करेक्शन (द्रावणाच्या रोधात वाया जाणारा व्होल्टेज वजा करणं) केलंय का? 7 ओहम रोध धरा. 5 मिमीच्या वर्किंग डिस्कचं क्षेत्रफळ 0.196 चौ. सेंमी., म्हणजे 10 ला करंट जवळपास 2 मिलिअँपिअर, चूक 14 मिलिव्होल्टची. करंट वाढला की तीही वाढते आणि स्लोप उगाच फुगतो.

डिस्क 1600 आरपीएमवर फिरवा. तरी आलेख दातेरी आला तर समजा बुडबुडा चिकटलाय. स्कॅन थांबवा, डिस्क उचलून झटका, पुन्हा घ्या.

आम्लपित्त
आणि मे महिन्यात मोजताय म्हणून सांगतो: नागपुरात सकाळची खोली आणि दुपारची खोली एक नसते. एक्स्चेंज करंट (समतोलात दोन्ही दिशांनी वाहणारा मूळ करंट) तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे सकाळ-दुपारचे आलेख एकावर एक बसणार नाहीत. कूलरच्या झोतात सेल ठेवणं हा उपाय नव्हे. जॅकेटेड (भोवती पाणी फिरवायला दुहेरी भिंत असलेला) सेल घ्या, 25 अंशांवर पाणी फिरवा. सर्क्युलेटर नसेल तर बादली, बर्फ आणि मत्स्यालयाचा छोटा पंप लावा, थर्मामीटर मात्र सेलच्या आत.