२.५ मिमीचा रॉड सारखा चिकटतो, करंट वाढवला की पाईपला भोक पडतं

ठिणगी:
२०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि २.५ मिमीचे ६०१३ (साध्या लोखंडासाठीचे लेप दिलेले) वेल्डिंग रॉड आहेत. २ मिमी जाडीच्या चौकोनी पाईपचं स्टँड करायचंय. ५० अँपिअरवर रॉड चिकटतो, ११० वर भोक पडतं. मधल्या करंटवर आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) टिकतो, पण खपली (वेल्डवर जमणारा रॉडच्या लेपाचा कडक थर) काढली की खाली सुटे मणी दिसतात आणि हातोडीच्या एका ठोक्यात जोड सुटतो. काही पाईप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले आहेत. काम गच्चीवर, डोळ्यांना काळा गॉगल. चुकतंय कुठे?

लोखंडवाला:
सगळ्यात आधी तो गॉगल बदला. त्याची काच आर्कसाठी पुरेशी काळी आहे का, हा एक प्रश्न. आणि असली तरी चेहरा आणि मान उघडीच राहते, कातडी उन्हासारखी भाजते. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घ्या. ६० ते १६० अँपिअरला १० नंबरची काच. डोळ्यांचा त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी वाळू गेल्यासारखे डोळे खुपायला लागतात. आर्क बघत उभ्या राहिलेल्यांनाही हाच धोका, म्हणून मुलांना आत पाठवा. अंगात जाड सुती कपडे हवेत; सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

रॉड चिकटला की हेल्मेट वर करून ओढाओढ करू नका. सुटताना तो पुन्हा पेट घेतो, नेमका उघड्या डोळ्यांसमोर. होल्डरला (रॉड धरायच्या मुठीला) झटका देऊन पिळा; तरी सुटला नाही तर होल्डरची पकड सोडा, मशीन बंद करा आणि मग रॉड तोडा. खपली फोडताना पारदर्शक चष्मा हवाच, ती गरम असते आणि थेट डोळ्याकडे उडते.

गच्ची ओली असेल तर काम थांबवा. आर्क नसताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. रॉड बदलताना घामेजला उघडा हात लावणं, ही शॉक बसायची नेहमीची वेळ.

वितळरस:
आता जोडाबद्दल. पाईप बाजूला ठेवा आणि ५-६ मिमीच्या भंगार पट्टीवर ८० अँपिअरला सरळ रेघा मारा. पट्टी ग्राइंडरने पांढरी चकचकीत करा, अर्थिंगचा क्लॅम्पही (मशीनची दुसरी केबल लोखंडाला जोडणारा चिमटा) घासलेल्या जागीच लावा. गंजावर किंवा रंगावर लावलेला क्लॅम्प हे रॉड चिकटण्याचं मोठं कारण असतं आणि दोष मात्र मशीनला जातो.

रॉड काडेपेटीच्या काडीसारखा घासून पेटवा. टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढंच, म्हणजे २-२.५ मिमी अंतर ठेवा. रॉड जळून आखूड होतो, म्हणून हात पुढे नेताना खालीही येत राहिला पाहिजे. नवशिके इथेच मागे पडतात. अंतर वाढलं की थेंब उडतात आणि कडेला चर पडते. रॉड उभ्यापासून १५-२० अंश कलता, होल्डर पुढे आणि टोक मागे, म्हणजे ओढत न्यायचा.

नजर झगमगाटावर नको, त्यामागच्या वितळलेल्या तळ्यावर ठेवा. लोखंडाचं तळं चकचकीत आणि स्थिर दिसतं, खपलीचा रस त्यावर तरंगत मागे सरकतो. रस पुढे आला तर तो जोडात अडकतो. तुमचे मणी बहुधा असेच पडलेत: धातू खपलीवर बसलाय, पाईपमध्ये मुरलाच नाही. हे तळं ओळखता येईपर्यंत पाईपकडे वळू नका, आकडे कितीही बरोबर असले तरी.

लोखंडवाला:
पाईपसाठी २ मिमीचा रॉड, ४५-५५ अँपिअर, आणि रॉडची केबल मशीनच्या मायनस टोकाला. ६०१३ तसा चालतो आणि भोकं कमी पडतात. फट ठेवू नका. आधी चारही कोपऱ्यांना टाके (छोटे वेल्ड), काटकोन तपासा, मग वेल्डचे १५-२० मिमीचे तुकडे समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून. एकाच बाजूने सलग ओढलंत तर पाईप तिकडे वाकतो. टोकं बंद करणार असाल तर एक बारीक भोक आधी पाडा, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटच्या वेल्डमधूनच बाहेर पडते. रॉड दमट असतील तर तासभर १०० ते १२० अंशांवर सुकवा.

ठिणगी:
गॅल्व्हनाइज्ड पाईप नुसते घासून चालतील का?

वितळरस:
बाहेरून जोडाच्या दोन्ही बाजूंना ३-४ सेंमी घासा, पण आतला जस्ताचा थर राहतोच. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळतं सुमारे १५०० ला. त्यामुळे पांढरा धूर निघतो, वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात, आणि तो धूर घेतला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. कापडी मास्क उपयोगाचा नाही. धातूच्या धुरासाठीचा फिल्टर असलेला घट्ट बसणारा मास्क वापरा आणि वाऱ्याकडे पाठ नको, तो बाजूने जाऊ दे. पाठीवरून आला तर तोंडापुढे भोवरा होऊन धूर तिथेच घोटाळतो. शिकण्यासाठी तरी साधेच पाईप घ्या.

तेल काढायला क्लोरीनयुक्त क्लीनर अजिबात नको, आर्कच्या किरणांनी त्याच्या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी पोत्यात किंवा भुशात धुमसत राहते.