लिथांगला थेट विमानाने जावे की रस्त्याने चढत जावे?

प्रश्न : देशांतर

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरमध्ये मी, पत्नी आणि सासरे असे तिघेजण चेंगदूला जात आहोत. ल्हासासाठी व्हिसाखेरीज वेगळा परवाना, अधिकृत एजन्सी आणि पूर्णवेळ मार्गदर्शक बंधनकारक असल्यामुळे तो विचार सोडून सिचुआन प्रांताच्या पश्चिम भागातील लिथांग हे तिबेटी गाव आम्ही निवडले आहे. चेंगदूहून दाओचेंग-यादिंग विमानतळावर उतरून त्याच दिवशी मोटारीने लिथांग गाठावे, की राष्ट्रीय महामार्ग ३१८ने टप्प्याटप्प्याने जावे, हा मुख्य प्रश्न आहे. सासरे ६६ वर्षांचे असून रक्तदाबाची गोळी घेतात. मात्र लेहमध्ये त्यांना काहीच त्रास झाला नव्हता, त्यामुळे ते स्वतः विमानाच्या बाजूचे आहेत. आम्ही शाकाहारी आहोत. शिवाय तिथे आकाश-अंत्येष्टीचा, म्हणजे मृतदेह गिधाडांना अर्पण करण्याचा, विधी प्रवाशांना पाहता येतो असे वाचले. त्याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : घाटमाथा

विमानाचा पर्याय कृपया बाद करावा. दाओचेंग-यादिंग हा ४,४११ मीटर उंचीवरील विमानतळ २०१३ साली सुरू झाला आणि तो जगातील सर्वांत उंच नागरी विमानतळ आहे. चेंगदू जेमतेम ५०० मीटरवर आहे. म्हणजे न्याहारी सखल प्रदेशात करून दुपारच्या जेवणापूर्वी आपण जवळपास चार किलोमीटर वर चढलेले असता आणि शरीराला त्याची पूर्वसूचनाही मिळालेली नसते. लेहचा अनुभव इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि लिथांग ४,०१४ मीटरवर. शिवाय एकदा त्रास झाला नाही म्हणून पुढच्या वेळीही होणार नाही, असा उंचीवर होणाऱ्या या आजाराचा नियम नाही.

रस्त्याने जाताना पहिला मुक्काम कांगडिंगला, सुमारे २,५०० मीटरवर करावा. पुढे झेदुओ खिंड ओलांडून शिंदूच्याओला, म्हणजे साधारण ३,४०० मीटरवर, किमान दोन रात्री काढाव्यात. नकाशावर याजियांग हे गाव मधला सोयीचा थांबा वाटते. परंतु ते यालोंग नदीच्या खोऱ्यात पुन्हा खाली असल्यामुळे तिथे झोपून उंचीची सवय होण्यास काहीच मदत होत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहताना सहसा लक्षात येत नाही. लिथांगहून पूर्वेला याजियांगकडे, पश्चिमेला बाथांगकडे किंवा दक्षिणेला दाओचेंगकडे, कुठेही निघालात तरी आधी साडेचार हजार मीटरहून उंच खिंड चढावी लागते. आजारी माणसाला ‘लगेच खाली नेऊ’ हे तिथे बोलण्याइतके सोपे नाही. त्यामुळे लिथांगला पोहोचण्यापूर्वीच शिंदूच्याओमध्ये सासऱ्यांची प्रकृती पाहून पुढे जायचे की परतायचे, याचा निर्णय घ्यावा.

उत्तर : नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, तरी इथे लिहिलेले आपल्या वैद्यांच्या सल्ल्याला पर्याय समजू नये. चार हजार मीटरवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्क्यांवर येतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीर श्वासाची गती वाढवून ही तूट भरून काढते, मात्र त्या बदलाला काही दिवस लागतात. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असे सांगितले जाते. वर सुचवलेल्या मार्गातही शिंदूच्याओ ते लिथांग ही उडी त्याहून थोडी मोठी आहे. दोन रात्रींच्या जागी तीन काढल्यास मी अधिक निश्चिंत राहीन.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. परंतु सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, तसेच रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल (लघवी वाढवणारे) औषध असल्यास, ती परस्पर घेऊ नये. डोकेदुखी आणि मळमळ पहिल्या रात्री अनेकांना होते. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, किंवा स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे ही मात्र मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राणवायू लावून माणसाला रात्रीच खाली न्यावे, सकाळची वाट पाहू नये. दुकानांत मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावर विसंबू नये. पहिले काही दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

उत्तर : चेंगदूकर

नोकरीनिमित्त मी इथे राहतो, म्हणून व्यवहाराचे थोडे सांगतो. लिथांगसाठी तिबेटचा परवाना लागत नाही, पण हा भाग संवेदनशील असल्यामुळे परदेशी प्रवाशांसाठी तो अधूनमधून अचानक बंद होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला विचारून खात्री करावी. १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो आणि महामार्ग ३१८वर मोटारींच्या रांगा लागतात, तेव्हा त्यापूर्वी परत यावे. २०२० साली दिंग झेन हा इथला तरुण गुराखी एका छोट्या चित्रफितीमुळे देशभर प्रसिद्ध झाल्यापासून गर्दी आणखी वाढली आहे.

पैसे देण्यासाठी अलीपे या मोबाइल अ‍ॅपमध्ये कार्ड जोडून ठेवावे, तरीही रोख युआन जवळ असू द्यावेत. जेवणाबाबत सांगायचे तर याकचे मांस सर्वत्र आहे. मात्र सिचुआनी खानावळीत बटाटा, वांगी, कोबी आणि टोफू सहज मिळतात. मांसाचा रस्सा आणि चरबी नको, हे चिनीत लिहून दाखवावे, कारण ‘भाजी’ म्हटल्यावर त्यात खिमा असणारच नाही असे नाही. सत्तूसारखे जवाचे त्साम्पा आणि लोण्याचा खारट चहा हा तर शाकाहाऱ्यांचा हक्काचा आधार आहे. पाणी तिथे ८७ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे साध्या भांड्यातला भात कच्चट राहतो.

उत्तर : कोरा

आकाश-अंत्येष्टीबद्दल मी स्पष्ट लिहितो : जाऊ नये. तो एखाद्या कुटुंबाच्या शोकाचा दिवस असतो. मलबार हिलवरील पारशांच्या दोखम्याच्या दारात कॅमेरा घेऊन उभे राहणे आपल्यापैकी कुणालाही शोभणारे वाटणार नाही. इथेही तेच लागू आहे. कुटुंबाने स्वतः बोलावले तर गोष्ट निराळी, पण पैसे घेऊन नेणाऱ्या चालकाचे बोलावणे म्हणजे कुटुंबाचे आमंत्रण नव्हे.

पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. गावाच्या उत्तरेकडील उतारावरचा मठ तिसरे दलाई लामा सोनाम ग्यात्सो यांनी १५८० साली स्थापन केला. १९५६ साली खाम या पूर्व तिबेटी प्रदेशात झालेल्या उठावात चिनी सैन्याने त्यावर विमानांतून बॉम्ब टाकले, त्यामुळे आज दिसणारी बरीचशी वास्तू नंतर उभारलेली आहे. सातवे दलाई लामा केलसांग ग्यात्सो यांचा जन्म १७०८ साली याच गावात झाला आणि त्यांचे जन्मघर जुन्या वस्तीत दाखवले जाते. तिथल्या गल्ल्यांतून निवांत फिरावे. सकाळी वृद्ध मंडळी जपमाळ ओढत पांढऱ्या स्तूपाला प्रदक्षिणा घालतात. आपणही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने त्यांच्यासोबत चालावे, कुणी हरकत घेत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळावी. सध्याच्या दलाई लामांचे छायाचित्र सोबत नेऊ नये आणि भारतातून आलो म्हणून हिमाचलातील धर्मशाळेचा, म्हणजे त्यांच्या निवासाच्या गावाचा, विषय स्वतःहून काढू नये. आपण चार दिवसांनी निघून जातो. चौकशी होते ती तिथे राहणाऱ्यांची.

प्रतिसाद : देशांतर

सर्वांचे आभार. विमान रद्द केले आहे. शिंदूच्याओला तीन रात्री थांबू आणि तिथे सासऱ्यांचे ठीक नसेल तर लिथांग सोडून कांगडिंगला परतू, हे त्यांनीही, थोडे कुरकुरत का होईना, मान्य केले आहे. त्यांच्या गोळीत मूत्रल औषध आहे की नाही, ते उद्या डॉक्टरांना विचारतो.