मदत हवी आहे: इंग्रजीतला 'सेल्डम' (seldom) हा शब्द मुलीला कसा समजावू?

नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला आहे. तिने लिहिलं, 'ही डझ नॉट सेल्डम कम हिअर'. सेल्डममध्येच नकार आहे, म्हणून मी 'नॉट' खोडलं. पण घोळ माझ्यामुळेच झाला. अर्थ मीच 'सहसा नाही' असा सांगितला होता. 'क्वचित' सांगायला हवं होतं. 'तो इथे क्वचित येतो', क्रियापद होकारार्थीच राहतं.

आता अडलंय ते पुढे. सेल्डम वाक्याच्या सुरुवातीला आला की 'सेल्डम डझ ही कम' असा प्रश्नासारखा क्रम का होतो? नियम मला पाठ आहे, तिला मात्र कारण हवंय, आणि ते बरोबरच आहे. शिवाय बोलताना 'रेअरली' वापरावं की 'हार्डली एव्हर'? सेल्डम मला जरा पुस्तकी वाटतो. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.