रीमॅप केलं म्हणून लगेच मोठे ब्रेक? आधी ब्रेक फ्लुइड कधी बदललं ते सांगा

टॉर्कपाना
परवा इथे फोरमवर एकाने ठासून लिहिलं: "पोलो जीटी टीएसआय रीमॅप करून १३० पीएसच्या पुढे नेली की पहिलं काम फोर-पॉट कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चार पिस्टनचा चिमटा) आणि ३१२ मिमीची डिस्क. नाहीतर पसरणी घाटात जीव जाईल." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाचून कुणी नुसतेच पैसे घालवले असते तर गप्प बसलो असतो, पण अशाने गाडीचा ब्रेक बिघडतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

रीमॅपने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवल्याने, गाडीचं वजन वाढत नाही. ब्रेकला जिरवायचं असतं ते वजन आणि वेगाचा वर्ग. १०० ऐवजी १२० वरून थांबायचं तर ४४ टक्के जास्त ऊर्जा. पण एकदाच कचकन थांबायला लागणारं अंतर टायर ठरवतो. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना ८० ला ब्रेक पूर्ण दाबा. पेडल पायाखाली थडथडलं, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागलं, म्हणजे कंपनीचा ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर देतोय. मग आणखी जोर कशाला? टायर पाच वर्षांचे, कडक झालेले आणि मालक कॅलिपरचा रंग निवडतोय, हे दृश्य मला बघवत नाही.

आता फोर-पॉटचं गणित. समजा मूळचा एक पिस्टन ५४ मिमीचा, म्हणजे सुमारे २३ चौ. सेंमी. नवीन कॅलिपरला एका बाजूला ४२ मिमीचे दोन, म्हणजे पावणेअठ्ठावीस. जोर २१ टक्के वाढला. त्यात डिस्क २५६ वरून ३१२, म्हणजे त्रिज्येमुळे आणखी जवळजवळ चोवीस टक्के. दोन्ही मिळून पुढचा ब्रेक दीडपट, मागे मात्र तोच ड्रम. पुढची चाकं लवकर लॉक व्हायला जातात, एबीएस लवकर मध्ये पडतं, मागची चाकं आपल्या वाट्याचं काम करतच नाहीत. थांबायचं अंतर वाढूही शकतं. शिवाय पेडलने फ्लुइड ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच, पिस्टन मोठे, त्यामुळे पेडल जास्त खाली जातं.

लालकॅलिपर
ते मी लिहिलं होतं. तुम्ही सगळा हिशोब एका ब्रेकिंगचा मांडलाय. मी एका ब्रेकिंगबद्दल बोललोच नव्हतो! प्रश्न पंधराव्या ब्रेकिंगचा आहे. एबीएसची चाचणी थंड ब्रेकवर कुठलीही गाडी पास होते.

रीमॅप केलेली गाडी दोन वळणांच्या मध्ये जास्त वेग पकडते, म्हणजे प्रत्येक वळणावर जास्त उष्णता, आणि थंड व्हायला वेळ कमी. १२० वरून एक पूर्ण ब्रेक मारला की पुढच्या डिस्कचं तापमान ढोबळमानाने ९० अंशांनी चढतं. पाच-सहा लागोपाठ मारा, साधा रस्त्यावरचा पॅड हरायला, म्हणजे तापून पकड सोडायला लागतो. जड डिस्क म्हणजे उष्णता साठवायला जास्त लोखंड. ह्याला पर्याय नाही. आणि पिस्टन मूळ क्षेत्रफळाला जुळणारेच घ्यायचे असतात. ३८ चे दोन घेतले तर तुमचे २३ चौ. सेंमी जिथल्या तिथे. जाणकार किट तसंच बनवतात. वाईट किटचा दाखला देऊन चांगल्याला नावं ठेवू नका.

वाईकर
दोघेही पसरणीचं नाव घेताय, तर हिशोब पसरणीचाच करू. पाचगणी ते वाई उतार सुमारे ५८० मीटर. चार माणसं आणि सामान धरून १४५० किलो. होतात सव्वाआठ मेगाज्यूल, म्हणजे १०० वरून जवळजवळ पंधरा वेळा थांबण्याइतके. टायरचा आणि हवेचा विरोध वजा केला तरी दहा वेळांचं काम उरतं. पण हे काम बारा किलोमीटरवर पसरलेलं आहे. ४० च्या वेगाने उतरलात तर सरासरी पाच किलोवॉट. एवढं दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमला इंजिन एकटंच जवळजवळ पेलतं. रीमॅप असो वा नसो, फरक शून्य.

घाटात ब्रेक कशाने जातो ते सांगतो. डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, लिव्हर डी मध्ये, गाडी आपली चौथ्या-पाचव्यात सरकतेय, आणि उजवा पाय बारा किलोमीटर ब्रेकवर अलगद ठेवलेला. डिस्कला वारा खायला क्षणभर उसंत नाही. पाय वळणाआधी ठाम दाबायचा, वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसरा गिअर धरून ठेवायचा. ह्याला एक रुपया लागत नाही. ऑटोमॅटिक विकताना हे कुणी सांगत नाही ह्याची मला खरी चीड आहे.

सहाचाकी
वाईकर, चीड यायची तर न्यूट्रलची यावी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतार, आणि डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये, कधी इंजिन बंद करून सोडतात. हवेच्या ब्रेकला कंप्रेसर लागतो, कंप्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, आणि दर दाबाला ती घटते. तोवर ड्रम तापून फुगतो, त्याला घासणारा लायनर लांब पडतो, लायनर दाबणाऱ्या पुशरॉडचा स्ट्रोक संपतो. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडून वेग रोखणारा) इंजिन चालू आणि गिअर लागलेला असेल तरच काम करतो. पॉवर स्टिअरिंगही गेलेलं असतं.

आणि डिझेल वाचतही नाही! इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लावून पाय काढला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जळतं. कारवालेही हेच करतात. इंजिन बंद केलं की पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगड.

लालकॅलिपर
विषय पोलोच्या ब्रेकचा आहे. ट्रकसाठी वेगळा धागा काढा.

सहाचाकी
नाही काढणार. तुम्ही "घाटात जीव जाईल" असं लिहिलंत, तर घाटात जीव कशाने जातो ते इथेच लिहिलं पाहिजे. उताराच्या वरच सक्तीची थांबण्याची जागा हवी, नुसते "न्यूट्रलमध्ये चालवू नका" असे फलक लावून भागत नाही. स्लॅक अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर नीट ठेवणारे भाग) ढिले असलेला ट्रक गिअरमध्ये उतरला तरी धोका आहेच, ते तपासणार कोण?

वाईकर
ढिल्या अॅडजस्टरचं पटलं. पण फलक निरुपयोगी, हे पटत नाही. तपासणी आणि फलक दोन्ही लागतात.

कलम५२
कायद्याचं कुणी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत. अपघातानंतर विमा सर्वेक्षकाच्या हाती तुमचा लाल कॅलिपर आयता मिळेल.

लालकॅलिपर
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाबद्दल आहे. आरसीवर कॅलिपर लिहिलेला दाखवा.

कलम५२
आरसीवर नाही, मान्य. पण दावा अडकला की हा वाद तुम्हालाच लढायचा आहे, इथल्या कुणाला नाही.

डॉटफोर
सगळे डिस्कवर भांडताय आणि शीर्षकात फ्लुइड आहे! डॉट ही ब्रेक फ्लुइडची प्रतवारी. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० अंश, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५. डॉट ३ चा २०५ आणि १४०. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात, त्यातून कोकणात, दोन वर्षांत फ्लुइड बऱ्यापैकी पाणी पितं. पॅड हरला की पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. फ्लुइड उकळलं की पेडल स्पंजी होऊन थेट खाली जातं. तुमच्या गाडीला काय होतंय ते आधी ओळखा. दुसरं होत असेल तर फोर-पॉट लावून तेच जुनं पाणी नव्या कॅलिपरात उकळेल.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला डॉट ४ मधलं क्लास ६ घ्या: कोरडं २५०, ओलं १६५, आणि पातळ असल्याने एबीएसच्या व्हॉल्व्हला सोपं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही नको. ५.१ चालतं. एक लिटर पुरतं. रिझर्व्हॉयर मध्येच रिकामं होऊ दिलं आणि एबीएस मॉड्यूलमध्ये हवा गेली तर निपल उघडून निघणार नाही, स्कॅनरने पंप फिरवावा लागतो. गल्लीतली बरीच ब्लीडिंग (फ्लुइडमधली हवा काढणं) इथेच फसतात.

टॉर्कपाना
डॉटफोर यांच्या यादीत माझं एक: पावसाळ्यानंतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना काढून बघा. रबरी बूट फाटलेला असला की आत गंज, पिन अडकते, आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा नवाच राहतो. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. लोक ह्याला "ब्रेक कमी पडतोय" म्हणतात.

आणि "डिस्क वाकली" म्हणून फेकू नका. बहुतेक वेळा हबवर (डिस्क आणि चाक बसतं तो भाग) गंज असतो, किंवा इम्पॅक्ट गनने बोल्ट वाट्टेल तसे आवळलेले असतात. त्याने डिस्क किंचित डोलते, पॅड एकाच जागी घासतो आणि जाडीत फरक पडतो. ०.०२-०.०३ मिलिमीटरचा फरकही स्टिअरिंगला जाणवतो. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा आणि बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला, आडवेतिडवे.

लालकॅलिपर
फ्लुइड, पिना, हब, हे सगळं आधी करावं. ठीक आहे, माझ्या पोस्टमध्ये ते नव्हतं, हवं होतं. "पहिलं काम" हे शब्द मागे घेतो. पण कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर वीस मिनिटांचं सेशन मारून बघा, मग सांगा स्टॉक डिस्क पुरते का.

टॉर्कपाना
ट्रॅकला नाही पुरत, ते मी कधी नाकारलं? तरी तिथेही आधी चांगला पॅड आणि ३०० अंशांच्या वरचं फ्लुइड, तेही दरवर्षी बदलून. तरीही ब्रेक हरला तर मोठी डिस्क. भोकं पाडलेली नको, उष्णतेने भोकापासून तडे जातात. आणि नुसता रस्ताच असेल तर ट्रॅकचा पॅड लावू नका, सकाळी थंड असताना पहिल्या सिग्नलला तो पकडतच नाही.

नवीपोलो
मीच तो ज्याला सल्ला दिला होता. पॅड आणि फ्लुइडच बदलतोय. बेडिंग (नवे पॅड डिस्कला बसवून घेणं) कसं करायचं?

डॉटफोर
मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा. मग ९० वरून २० पर्यंत जरा जोरात तितक्याच वेळा. पूर्ण थांबायचं नाही, एबीएस लागू द्यायचं नाही. वास येईल, घाबरू नका. नंतर ब्रेक न वापरता पंधरा मिनिटं गाडी चालती ठेवा. तापलेला पॅड डिस्कवर दाबून उभे राहिलात तर तिथेच ठसा उमटतो आणि वर सांगितलेली थरथर सुरू होते.

लालकॅलिपर
नवीपोलो, पुढे कधी ट्रॅकला जाणार असाल तर चाकं १५ इंची आहेत की १६, ते आत्ताच सांगून ठेवा. ३१२ मिमीच्या डिस्कला किमान १६ इंची लागतातच, आणि १६ मध्येही स्पोक आतून किती फुगलेत ते कागदी टेम्पलेट लावून मोजावं लागतं.