मिरचीवर पांढरी माशी आल्याने मुळांजवळचे जिवाणू बदलतात का? मदत हवी आहे

राम राम मंडळी, नंदुरबारकडे आमची मिरची आहे, काळी जमीन, ठिबक, मल्चिंग. बांधापलीकडे कपाशी, तिथली पांढरी माशी दरवेळी आधी आमच्या कडेच्या ओळींवर उतरते, पान उलटं केलं की पीठ उडाल्यासारखी उठते, पानं चिकट आणि वर काळी बुरशी. पण यंदा मर (झाड सुकून मरतं तो रोग) लागली ती मधल्या ओळींना!! कडेची झाडं खुजी राहिली, बोकड्याने पानं वळली, पण उभी आहेत. रोपं एकाच नर्सरीतली, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पण सगळीकडे सारखाच सोडलेला.

शोधत गेलो तर कोरियातला २०११ चा अभ्यास सापडला, त्यात पांढरी माशी लागलेल्या मिरचीच्या मुळांभोवती ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू (जाड पेशीभित्तीच्या जिवाणूंचा एक गट) आणि बुरशी वाढल्या आणि जिवाणूजन्य मर कमी आली. म्हणजे रस शोषला जातो वर पानात, तिथून निरोप जातो खाली, आणि मुळं मातीत जे काही पाझरतात तेच बदलतं असं मला समजलं. हे शेतात पण होतं का? माशी फवारून मारली तर तो बदल टिकतो का? आणि आमच्या त्या कडेच्या झाडांच्या मुळांजवळची माती पुढच्या रोपवाटिकेत मिसळली तर चालेल का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, मरीने दरवर्षी हातातलं पीक जातंय.

उत्तर:
भाऊ, आधी मर कोणती ते बघा. नुकत्याच सुकलेल्या झाडाचा बुडखा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, दुधासारखी धार उतरली तर जिवाणूची. नाही उतरली तर बहुतेक बुरशीची, मग तो कोरियाचा निष्कर्ष तुमच्याकडे सरळ लावता येणार नाही. कडेला पाण्याचा निचरा बरा असतो, मर कमी असायला तेवढंही कारण पुरतं, तेही तपासा. माशी मात्र ठेवू नका, बोकड्याचा व्हायरस तीच पसरवते. आणि माती थेट रोपवाटिकेत अजिबात नको, रोग पण सोबत येईल. थोड्या कुंड्या करा, अर्ध्यांत ती माती तशीच, अर्ध्यांत कुकरमध्ये वाफवून गार केलेली, दोन्हीकडे एकच रोपं. वाफवलेल्या मातीतली रोपं जास्त मेली तर फरक मातीतल्या जिवाणू-बुरशींचा धरायला जागा आहे. ग्लासात काय दिसलं ते इथेच टाका, फोटो पण.