प्रायमरीचं सॅम्पल बॅलट आलंय, नावं कुणाचीच ओळखीची नाहीत

अनघा: न्यू जर्सीच्या 2 जून 2026 च्या प्रायमरीचं, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं, सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) बघितलं का कुणी? सिनेटचं एक नाव सोडलं तर बाकी सगळे अनोळखी. फ्लायर मात्र रोज चार येतायत. त्यावरून काय कळणार?

सुहासकाका: फ्लायरवरचा फोटो आणि मोठी अक्षरं सोडून द्या. तळाशी बारीक अक्षरात ‘पेड फॉर बाय’ असतं, तेवढं वाचा. उमेदवाराची स्वतःची कमिटी असेल तर ठीक. भलत्याच गोंडस नावाची संस्था असेल आणि फ्लायर सिनेट किंवा काँग्रेसच्या उमेदवाराबद्दल असेल, तर ते नाव एफईसीच्या (फेडरल इलेक्शन कमिशन) साइटवर शोधा.

निनाद: काका, पण नवीन पॅक (निवडणुकीसाठी पैसे गोळा करून खर्च करणारी संस्था) असेल तर देणगीदारांची यादी रिकामीच दिसते.

सुहासकाका: गोम तारखांत आहे. प्रायमरीआधीचा रिपोर्ट मतदानाच्या 12 दिवस आधी येतो, पण त्यात 20 दिवस आधीपर्यंतचाच हिशेब असतो. म्हणजे आपल्यासाठी 13 मेपर्यंतचा. त्यानंतर उगवलेल्या सुपर पॅकला (कितीही पैसे घेऊन उमेदवारापासून स्वतंत्र खर्च करणारी पॅक) पैसे कुणी दिले, ते मतदान उरकल्यावर कळतं. हे गणित मांडूनच पॅक काढतात लोक! खर्च मात्र लपत नाही. शेवटच्या 20 दिवसांत पॅकने 1,000 डॉलर किंवा जास्त खर्च केला की 24 तासांत कळवावं लागतं. एफईसीवरच्या उमेदवाराच्या पानावर बाहेरच्यांचा खर्च ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ असा वेगवेगळा दिसतो. मी आधी तेच बघेन.

मेधाताई: आणि देणग्यांच्या यादीत रकमेआधी एम्प्लॉयरचा रकाना बघा. नावं फक्त एकूण 200 डॉलरच्या वर देणाऱ्यांचीच असतात. एकाच कंपनीतले आठ-दहा जण एकाच आठवड्यात देताना दिसले, की काय ते समजा. काउंटी कमिशनर आणि टाउन काउन्सिलचे उमेदवार मात्र एफईसीवर सापडणार नाहीत. त्यांचे हिशेब राज्याच्या ‘एलेक’कडे, म्हणजे निवडणूक खर्चावर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे. मतदानाच्या 29 आणि 11 दिवस आधीचे रिपोर्ट असतात. कमी खर्चाचे उमेदवार छोटा फॉर्म भरतात, त्यात तपशील नसतो. त्यामुळे तिथे काही दिसलं नाही म्हणजे लपवाछपवी आहे, असं नाही.

अनघा: पार्टीचा पाठिंबा कुणाला, ते बॅलटवर कळतं का ताई?

मेधाताई: कळतं. नावाजवळ सहा शब्दांपर्यंत घोषवाक्य छापता येतं. तिथे काउंटीच्या पार्टी ऑर्गनायझेशनचं नाव दिसलं, तर तो पक्षयंत्रणेचा उमेदवार. पूर्वी हे सगळे एकाच रांगेत छापायचे, त्याला ‘काउंटी लाइन’ म्हणत. तेव्हा सिनेटसाठी उभे असलेले काँग्रेसमन अँडी किम यांनी त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि 2025 मध्ये कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाचे उमेदवार एकत्र असतात. घोषवाक्य उमेदवार स्वतः निवडतो, तेव्हा ते जाहिरातीइतकंच मानायचं.

निनाद: ‘अमुक बिलाला विरोध केला’ हे कसं तपासायचं?

सुहासकाका: काँग्रेस डॉट गव्हवर बिल नंबर टाका, ‘अॅक्शन्स’ उघडा. विरोधाचं मत बिलावर होतं की नुसत्या प्रोसिजरवर, ते तिथे दिसतं. शेकडो पानी बजेट बिलाला ‘नो’ म्हटलं, की त्यातल्या प्रत्येक योजनेला विरोध केल्याचे फ्लायर निघतात. उलट बिलाचा को-स्पॉन्सर (सहप्रस्तावक) म्हणून नाव असणं फार स्वस्त, त्यावर भाळू नका. पहिल्यांदाच उभे असणाऱ्यांसाठी लीग ऑफ विमेन व्होटर्सची व्होट411 ही साइट बघा, तिथे उमेदवारांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं असतात. पूर्ण पत्ता टाका, एकाच झिप कोडमध्ये दोन डिस्ट्रिक्ट असू शकतात. उत्तरं उमेदवारांच्याच शब्दांत असतात. ज्यांनी दिलीच नाहीत, त्यांची जागा कोरी.

अनघा: सासूबाई अनअफिलिएटेड आहेत, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नाही. त्यांनी प्रायमरीत मत दिलं तर चालेल?

मेधाताई: हो, बूथवर पक्ष सांगायचा. मग त्या पक्षात नोंद होते, ती फॉर्म भरून नंतर काढता येते. आधीच एका पक्षात नोंद असलेल्यांना दुसऱ्याचं बॅलट हवं असेल, तर 55 दिवस आधीची मुदत होती, ती गेली. मतदान सकाळी 6 ते रात्री 8.

निनाद: आणि ते खाली ‘काउंटी कमिटी’चं काय?

सुहासकाका: तो आपल्या इलेक्शन डिस्ट्रिक्टचा (मतदानासाठीचा छोटा विभाग) पक्षातला प्रतिनिधी. ऑनलाइन जवळपास काही सापडत नाही, पण हीच माणसं पुढे पक्षाचा पाठिंबा कुणाला ते ठरवायला बसतात. सरळ फोन करून विचारा, बहुधा दोन गल्ल्या पलीकडेच राहत असेल. तिथे कुणीच उभं नसेल तर राइट-इन (बॅलटवर स्वतः नाव लिहिणं) करता येतं, फक्त नावाचं स्पेलिंग नीट लिहा.