मदत हवी आहे: कस्टम इव्हेंटच्या लिसनरमध्ये अवेट आलं की प्रिव्हेंट-डिफॉल्ट लागू होत नाही

किराणा ऑर्डरच्या पानासाठी नग कमी-जास्त करायचं कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग) केलंय. अधिकचं बटण दाबलं की आकडा बदलण्याआधी ते स्वतःवरच ‘नग-बदल’ हा कस्टम इव्हेंट डिस्पॅच करतं. बबल्स (इव्हेंट वरच्या एलिमेंटपर्यंत जातो) आणि कॅन्सलेबल (तो रद्द करता येतो) दोन्ही ट्रू, डिटेलमध्ये नवा आकडा. डिस्पॅच-इव्हेंटने फॉल्स दिलं तर आकडा तसाच ठेवायचा.

लिसनर, म्हणजे इव्हेंट ऐकणारं फंक्शन, फॉर्मवर आहे. त्यात थेट प्रिव्हेंट-डिफॉल्ट (इव्हेंट रद्द करणारी मेथड) लिहिलं तर नीट चालतं. पण मला आधी फेचने सर्व्हरला विचारून, अवेटने उत्तराची वाट पाहून साठा तपासायचाय, आणि तिथेच घोळ होतो: साठा ३, तरी आकडा ४. कन्सोलमध्ये पाहिलं, डिस्पॅच-इव्हेंट ट्रू देऊन मोकळं होतं, सर्व्हरचं उत्तर नंतर येतं.

आधीच प्रिव्हेंट करून मग लिसनरमधून आकडा बदलून पाहिला. चालतं, पण प्रत्येक पानाला एलिमेंटच्या आतलं माहीत असावं लागतं; ते अजिबात नकोय.

लायब्ररी नाही, साधं जावास्क्रिप्ट. शॅडो डॉम (एलिमेंटच्या आतली वेगळी, झाकलेली रचना) आहे, पण इव्हेंट होस्टवरूनच, म्हणजे खुद्द एलिमेंटवरूनच निघतो, म्हणून कंपोज्डचा (इव्हेंट शॅडो डॉमबाहेर जाऊ देणाऱ्या पर्यायाचा) प्रश्न नाही. साठा आधी आणून ठेवता येत नाही, दुकानातही विक्री चालूच असते.

डिटेलमध्ये एक फंक्शन देऊन लिसनरकडून प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तरासाठीचा ऑब्जेक्ट) घ्यावं आणि एलिमेंटने त्यावर थांबावं, हे बरोबर आहे का? आणि तेवढ्यात बटण पुन्हा दाबलं गेलं, तर आधीचं उत्तर कसं बाद करायचं?